तोच शर्ट, तोच केस, मग आता उत्तर वेगळं कसं?

पत्र थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत):

१९ वर्षांपूर्वी माझ्या बाबांचा खून झाला. मी तेव्हा २२ ची होते, भाऊ १७ चा. बाबांच्या हाताखाली काम करणाऱ्या एका माणसाला शिक्षा झाली, तो अजून आत आहे. कोर्टात सगळं दोन गोष्टींवर उभं होतं, बाबांच्या शर्टावर सापडलेला एक केस जो मायक्रोस्कोपखाली त्याच्या केसाशी 'जुळला', आणि कपाटाच्या दारावरचा अर्धवट ठसा. शर्टावरचा डीएनएसुद्धा तेव्हा तपासला होता पण 'मिश्र नमुना, निष्कर्ष काढता येत नाही' असा रिपोर्ट आला. आता त्याच्या वकिलाच्या अर्जावरून सगळं परत तपासणार आहेत आणि लॅबला आमच्या तिघांच्या गालाचे स्वॅब हवेत, घरच्यांचा डीएनए वेगळा काढायला म्हणे. द्यायची सक्ती नाही. भाऊ म्हणतो अजिबात द्यायचे नाहीत, हा बाबांचा अपमान आहे आणि वर आपल्यालाच अडकवतील. आई सत्तरीच्या पुढे आहे, तिला अजून सांगितलेलंच नाही. मला एकच कळत नाही, तोच शर्ट, तोच केस, मग आता वेगळं उत्तर कसं येईल? तेव्हाचा रिपोर्ट खोटा होता का? आणि तो माणूस निर्दोष निघाला तर मी १९ वर्षं ज्याचा तिरस्कार केला त्याचं काय? बाबांचा तो निळ्या रेघांचा शर्ट अजून डोळ्यासमोर आहे. मी काय करू?
— एक मुलगी

तुमचं पत्र वाचून मी बाजूला ठेवलं आणि दोन दिवसांनी परत काढलं. कारण सांगते. हे सदर लिहायला लागायच्या आधी मी बरीच वर्षं लॅबमध्ये काढलीत, केस आणि कपड्यांचे धागे मायक्रोस्कोपखाली बघायचं काम, आणि 'जुळतो' हा शब्द मी माझ्या हाताने कितीतरी रिपोर्टांत लिहिलाय. तेव्हा त्यात काही वावगं वाटायचं नाही. त्यामुळे मी या विषयात तटस्थ वगैरे अजिबात नाही हे आधीच सांगून टाकते.

तेव्हाचा रिपोर्ट खोटा होता का? मला तरी वाटत नाही. माहीत असून वेगळं सांगितलं तर ते खोटं. तेव्हा सगळीकडे पद्धतच ती होती, दोन केस शेजारी शेजारी ठेवायचे, रंग, जाडी, आतला गाभा, रंगाचे कण कसे पसरलेत ते बघायचं, सारखे दिसले की 'जुळतो' लिहून मोकळं व्हायचं. गोची अशी की तसे दिसणारे केस शंभरातल्या किती जणांचे असतात हे कोणीच कधी नीट मोजलेलं नव्हतं. म्हणजे आम्ही 'जुळतो' लिहायचो तेव्हा त्याचा खरा अर्थ 'हा केस त्याचा नाही असं म्हणता येत नाही' एवढाच असायचा, आणि कोर्टातून बाहेर पडेपर्यंत, पेपरात छापून येईपर्यंत, तुमच्या घरी पोचेपर्यंत त्याचं 'त्याचाच आहे' झालेलं असायचं. मधल्या मधे कोणी काही बदललेलं नसायचं बरं का, शब्दच तसा होता.

हे नुसतं माझं मत नाही. २००२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेच्या लॅबमधल्या लोकांनीच स्वतःचं काम पडताळून बघितलं, मायक्रोस्कोपखाली जुळलेल्या ८० केसांची डीएनए तपासणी केली तर त्यातले ९ केस दुसऱ्याच कोणाचे निघाले. मग २००९ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसचा मोठा अहवाल आला, त्यात स्पष्ट लिहिलं की डीएनए सोडला तर पुराव्याचा धागा एका ठराविक माणसापर्यंत खात्रीने नेता येतो असं दुसऱ्या कुठल्याही पद्धतीबद्दल काटेकोरपणे सिद्ध झालेलं नाही. आणि २०१५ मध्ये एफबीआयने जुन्या खटल्यांतल्या केसांबद्दलच्या साक्षी वाचून काढल्या, ज्यांचा आढावा झाला त्यातल्या निदान ९० टक्क्यांमध्ये तज्ज्ञ विज्ञान जेवढं सांगतं त्याच्या पुढे जाऊन बोलले होते. २८ पैकी २६ तज्ज्ञ. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती, पण ते असो, पत्र तुमचं आहे.

आता केसाचं काय होईल ते सांगते कारण इथे तुमच्या घरच्या भांडणातला अर्धा भाग सुटतो. नुसता तुटलेला केस असेल, मुळाशी पेशी नसतील, तर नेहमीची डीएनए चाचणी सहसा होत नाही (मुळाशिवायच्या केसातून नेहमीचा डीएनए काढायचं तंत्र हल्ली आलंय पण ते सरसकट सगळीकडे होत नाही). मग मायटोकॉन्ड्रियल डीएनए (पेशीत केंद्रकाच्या बाहेर असलेला) बघतात, तो फक्त आईकडून येतो. म्हणजे तुमचा, भावाचा आणि आईचा तो एकच असणार, बाबांचा त्यांच्या आईकडचा, वेगळा. त्यामुळे तो केस तुम्हा तिघांपैकी कोणाचा आहे का हे बघायला तुमचा एकटीचा स्वॅब पुरतो, भावाने नाही दिला तरी केसापुरतं काही अडत नाही. ही चाचणी 'हा केस त्याचा नाही' हे ठामपणे सांगू शकते. 'त्याचाच आहे' हे नाही सांगू शकत, कारण त्याच्या आईकडच्या सगळ्या नातेवाइकांचा तोच असतो, आणि नात्यात नसलेल्या काही जणांचाही.

ठशाबद्दल थोडक्यात. बोटांचे ठसे केसांपेक्षा कितीतरी भरवशाचे आहेत, २०११ मध्ये १६९ तज्ज्ञांची मोठी चाचणी झाली त्यात चुकून जुळवल्याचं प्रमाण ०.१ टक्का होतं. पण अर्धवट, पुसट ठशाची गोष्ट वेगळी. २००४ मध्ये माद्रिदच्या रेल्वे बॉम्बस्फोटांनंतर एका पिशवीवरचा ठसा एफबीआयने अमेरिकेतल्या एका वकिलाचा म्हणून १०० टक्के जुळवला, एकाने नाही, लागोपाठ अनेक तज्ज्ञांनी, आणि त्याला दोन आठवडे डांबलं. शेवटी स्पेनच्या पोलिसांनी सांगितलं की ठसा दुसऱ्याच माणसाचा आहे. त्यानंतर २००६ मध्ये इटिएल ड्रोर नावाच्या संशोधकाने एक खोडसाळ प्रयोग केला, पाच तज्ज्ञांना त्यांनीच पूर्वी जुळवलेले ठसे परत दिले आणि सांगितलं की हे ते माद्रिदवाले चुकलेले ठसे आहेत. पाचातल्या चौघांनी स्वतःचाच निष्कर्ष बदलला. ठसे तेच, डोळे तेच, कानावर आधी काय पडलं तेवढंच वेगळं. म्हणून आता चांगल्या लॅबमध्ये तपासणाऱ्याला खटल्याची गोष्ट सांगतच नाहीत, आणि दुसऱ्या तज्ज्ञाला पहिल्याचं उत्तर माहीत नसतं. तुमच्या कपाटावरचा ठसा परत बघणार असतील तर तसं करणार का हे जरूर विचारा. आणि हो, तो माणूस तुमच्या बाबांकडे कामाला होता ना? मग तो कधी घरी यायचा का, कपाटाला त्याचा हात लागायचा का, हे तेव्हा कोणी विचारलं होतं का? ठसा कोणाचा हा एक प्रश्न झाला. तो कधी पडला हा दुसरा, आणि त्याचं उत्तर ठसा देत नाही.

आता मुख्य गोष्ट, शर्ट.

एक पाटी डोळ्यासमोर आणा. तिच्यावर तीन-चार जणांनी एकावर एक लिहिलंय, न पुसता, कोणी ठळक कोणी फिकट. बाबांचं अक्षर सगळ्यात ठळक, कारण शर्ट त्यांचा आणि रक्तही त्यांचं. बाकीचं सगळं एकमेकांत मिसळलेलं. १९ वर्षांपूर्वी अशी पाटी समोर आली की प्रामाणिक माणूस 'वाचता येत नाही' म्हणायचा आणि तुमच्या खटल्यात तेच लिहिलंय, खरं सांगू तर त्या सगळ्या फाइलमधलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य ते आहे. कारण सगळे तसं म्हणायचे नाहीत. २०१३ मध्ये अमेरिकेच्या निस्ट या, मोजमापांची मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने १०८ लॅबना सरावासाठी एकच बनवलेला मिश्र नमुना दिला होता, त्यात ज्याचा डीएनए मुळात नव्हताच अशा माणसाला दोन-तृतीयांशाहून जास्त लॅबनी मिश्रणात धरलं.

तेव्हापासून दोन गोष्टी बदलल्यात. एक म्हणजे डीएनएवरच्या तपासायच्या जागा वाढल्या, तेव्हा साधारण १३ ते १५ बघायचे, आता २० आणि त्याहून जास्त, आणि कितीतरी कमी माल पुरतो. दुसरी म्हणजे हे एकावर एक लिहिलेलं वाचायला सॉफ्टवेअर आलं. ते 'जुळतं / नाही जुळत' म्हणत नाही. ते विचारतं, हा माणूस या मिश्रणात आहे असं धरलं तर आपल्याला दिसतंय ते दिसण्याची शक्यता किती, आणि त्याच्या जागी दुसराच कोणी अनोळखी आहे असं धरलं तर किती, आणि या दोन्हींचं गुणोत्तर देतं. इथेच तुमचे स्वॅब येतात. पाटीवरचं कुठलं अक्षर तुमचं, कुठलं आईचं हे आधीच माहीत असेल तर ते बाजूला करून उरलेलं फार स्वच्छ वाचता येतं. नाही दिलेत तर सॉफ्टवेअर तुम्हालाही 'अनोळखी' म्हणूनच धरणार. म्हणजे घरच्यांच्या डीएनएची एक भुताटकी त्या रिपोर्टमध्ये कायम फिरत राहणार, अज्ञात व्यक्ती क्रमांक एक, क्रमांक दोन, आणि उद्या कोणताही वकील त्या भुताकडे बोट दाखवू शकेल. भावाला जी भीती वाटतेय ना, आपल्याला अडकवतील ही, ती स्वॅब न दिल्याने जास्त खरी ठरू शकते. मुलांचा डीएनए बापाच्या शर्टावर असणारच, त्यात संशय घेण्यासारखं काय आहे, उलट नसता तर नवल.

पण मी तुम्हाला नवीन यंत्राची भक्त करणार नाहीये. तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, की तेव्हाचं उत्तर कच्चं होतं आणि आता पक्कं येणार. तसं नसतं. एकाच नमुन्यावर दोन सॉफ्टवेअरनी वेगळी उत्तरं दिल्याचं खटल्यांत झालंय. शिवाय चाचणी जितकी नाजूक तितका कुठूनतरी आलेला, कामाचा नसलेला डीएनएसुद्धा जास्त सापडणार. जर्मनीत एका अज्ञात बाईचा डीएनए कितीतरी वर्षं चाळीसेक गुन्ह्यांच्या ठिकाणी सापडत होता, एका महिला पोलिसाच्या खुनासकट, अख्खं पोलीस दल तिच्या मागे, आणि २००९ मध्ये कळलं की तो डीएनए ज्या कारखान्यात स्वॅबच्या काड्या बनायच्या तिथल्या कामगार बाईचा होता. कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये खून झालेल्या माणसाच्या नखांवर एका बेघर माणसाचा डीएनए मिळाला, तो पाच महिने तुरुंगात राहिला, मग समजलं की त्या रात्री तो दारूच्या नशेत हॉस्पिटलमध्ये पडून होता आणि त्याला तिथे नेणारे अॅम्ब्युलन्सवालेच नंतर खुनाच्या जागी गेले होते. तुमच्या बाबांचा शर्ट १९ वर्षांत किती जणांनी हाताळला असेल, कोर्टात टेबलावर पसरला असेल, त्या काळी हातमोजे घालायची सवय सगळ्यांनाच होती असं नाही.

म्हणून तीन शक्यता आत्ताच मनाशी धरून ठेवा, रिपोर्ट आल्यावर नाही. एक, त्या माणसाचा डीएनए शर्टावर सापडेल. मग गुन्हा त्यानेच केला का? तो रोज बाबांबरोबर काम करायचा, एकाच वस्तूंना हात लावायचा, त्याचा थोडा डीएनए तिथे असायला खून करावाच लागतो असं नाही. किती, कुठे, रक्ताच्या डागात की कॉलरवर, हे विचारायला लागेल. दोन, त्याचा नाही सापडणार, दुसऱ्याच कोणाचा सापडेल. तेव्हासुद्धा तो निर्दोष असं आपोआप होत नाही, पण केस आणि ठसाही डळमळीत झाले तर कोर्टाला फार गंभीरपणे बघावं लागेल. तीन, काहीच धड मिळणार नाही, कापड जुनं, माल संपलेला किंवा सडलेला. ही तिसरी शक्यता लोक विसरतात आणि हीच पचवायला सगळ्यात जड जाते, कारण एवढं सगळं उकरून परत तिथेच.

आकड्यांबद्दल एकच. रिपोर्टमध्ये 'दहा लाख पट' असं काही आलं तर ते 'तो दोषी असण्याची शक्यता दहा लाखाला एक सोडून सगळी' असं वाचू नका. समजा एखादं अपुरं डीएनए प्रोफाइल (तपासलेल्या जागांची नोंद) दहा लाखात एकाशी जुळतं, तर एक कोटी लोकांच्या शहरात तसे दहा जण भेटतील. त्यातला हाच का, हे डीएनएबाहेरच्या पुराव्याने ठरतं. ही चूक इतकी जुनी आहे की तिला सरकारी वकिलाची चूक असं नावच पडलंय, आणि ती बचावाचे वकीलही तितक्याच उत्साहाने उलट्या बाजूने करतात.

भाऊ म्हणतो बाबांचा अपमान. मी त्याला उडवून लावत नाही, १७ व्या वर्षी ज्याने बाप गमावला त्याला फाइल बंद असणं हाच आधार असेल. पण त्याला एक गोष्ट सांगा. डीएनए गुन्ह्याच्या तपासात पहिल्यांदा वापरला तो इंग्लंडमध्ये, लेस्टरजवळ, दोन मुलींच्या खुनांसाठी, अॅलेक जेफ्रीजनी १९८४ मध्ये ती पद्धत शोधल्यावर लगेचच. पोलिसांकडे १७ वर्षांचा एक मुलगा होता, त्याने एका खुनाची कबुलीही दिली होती. डीएनएने पहिलं काम काय केलं तर त्या मुलाला सोडवलं. मग हजारो पुरुषांचे नमुने घेतले आणि खरा माणूस सापडला, १९८८ मध्ये त्याला जन्मठेप झाली. कबुलीवर समाधान मानलं असतं तर त्या मुलींच्या घरचे आयुष्यभर चुकीच्या माणसाला शिव्या देत बसले असते, आणि खरा गावातच फिरत राहिला असता. तुमच्या खटल्यात तसंच होईल असं मी म्हणत नाहीये. पण अपमान तपासण्यात आहे की न तपासण्यात, हे भावाने आवाज न चढवता सांगावं.

आणि तरी तो नाही म्हणाला तर सोडा. ऐच्छिक म्हणजे ऐच्छिक, त्याच्या मागे लागू नका. तुम्ही तुमचा द्या.

आईचं मात्र मला पटलं नाही. तिला सांगायचं नाही हे कोणी ठरवलं? शर्ट धुणारी, वाळत घालणारी, घडी घालणारी घरात बहुतेक तीच असणार, धुण्यातसुद्धा डीएनए एका कपड्यावरून दुसऱ्यावर जातो, त्यामुळे सगळ्यात उपयोगी स्वॅब कदाचित तिचाच ठरेल. ही झाली लॅबची बाजू. दुसरी बाजू अशी की ही बातमी बाहेरून, एखाद्या शेजाऱ्याच्या तोंडून तिच्यापर्यंत गेली तर ती तुम्हा दोघांना विचारेल की तुम्हाला माहीत होतं का, आणि तेव्हा काय सांगणार? सत्तरीच्या बाईने नवऱ्याचा खून पचवलाय, दोन मुलं वाढवलीत, ती फोनवरच्या एका वाक्याने कोसळेल हे आपणच ठरवून टाकतो, बहुतेक वेळा स्वतःला ते बोलायचं नसतं म्हणून.

स्वॅब द्यायच्या आधी काही गोष्टी लेखी घ्या, तोंडी नको. नमुना फक्त घरच्यांना वगळण्यासाठी वापरणार, कुठल्याही डेटाबेसमध्ये घालणार नाही, काम झाल्यावर नष्ट करणार आणि केल्याचं कळवणार. अजून एक जरा अवघड गोष्ट, तिघांचे नमुने आणि बाबांचा डीएनए एकत्र तपासताना नात्यांची माहिती आपोआप दिसते, कोण कोणाचं काय लागतं ते. बहुतेक घरांत त्यात काही निघत नाही पण खटल्याशी संबंध नसलेलं असं काही आम्हाला कळवू नका, असं लिहून मागता येतं. मागा. तुमच्या बाजूने एखादा वकील असेल तर हे त्याच्याकडून करून घ्या, नसेल तर ज्या अधिकाऱ्याने पत्र पाठवलंय त्याच्याकडे लेखी अर्ज द्या. आणि रिपोर्ट आल्यावर तो साध्या भाषेत समजावून सांगायला लॅबचा किंवा स्वतंत्र माणूस मिळेल का हेही आत्ताच विचारून ठेवा, नंतर कोणाला वेळ नसतो. अशाच जुन्या प्रकरणात अडकलेले इतरही वाचत असतील, त्यांनीही हीच यादी वापरावी, फिर्यादीच्या बाजूचे असोत की आरोपीच्या.

राहिला तुमचा तिरस्कार. तुम्हाला २२ व्या वर्षी कोर्टाने सांगितलं हा माणूस, तुम्ही मानलंत. त्या वयात त्या अवस्थेत कोणीही मानलं असतं, लॅबमधले आम्ही शिकलेसवरलेले मानत होतो. तो निर्दोष निघाला तर तुम्हाला वाईट वाटेल, वाटू दे, पण ती चूक तुमच्या नावावर नाहीये. आणि तो निर्दोष निघाला नाही, किंवा काहीच कळलं नाही, तर राग परत तसाच पेटेल असंही नाही, मी बघितलंय की एकदा 'खरंच तोच असेल का' हा प्रश्न मनात आला की जुना राग जुन्यासारखा बसत नाही. त्यासाठी कोणाशी तरी बोला, समुपदेशक असेल तर उत्तम, आणि रिपोर्ट यायची वाट न बघता.

शर्टाबद्दल तुम्ही सरळ विचारलं नाहीत पण मला ते शेवटचं वाक्य दिसलं. खटला पूर्ण संपल्यावर असे कपडे परत मागता येतात, मिळतीलच असं नाही. मिळाला तर तो तुमच्या डोळ्यासमोरचा शर्ट नसेल. ठिकठिकाणी चौकोनी तुकडे कापलेले असतील, डागांभोवती पेनाने गोल आणि नंबर काढलेले असतील, रेघा पिवळट झाल्या असतील. पाकीट घरी आणून एकटीने उघडू नका, आईला बरोबर घ्या.